अकरा ओळींचं पानपूरक

माझ्या सुनेनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "आई, मसाले प्रेसमध्ये आहेत." मी तिच्याकडे बघतच राहिले. पंधरा वर्षं मी प्रेसमध्ये उभी राहून काढली. तिथे शिसं असतं, शाई असते, रॉकेलचा वास असतो, मसाले नसतात. मग कळलं की आयर्लंडमध्ये स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात आणि वैदेहीच्याही तोंडात आता तेच बसलंय. तिची काही चूक नाही. पण त्या अख्ख्या घरात माझ्या ओळखीचा एक शब्द निघाला आणि तोही कपाट निघाला, याचा मला रागच आला.

मी निशिगंधा पाटणकर, राहणार कराड, वय त्रेसष्ट. आमचा छापखाना होता, पाटणकर मुद्रणालय, आणि त्यातून 'संगमदर्पण' नावाचं मासिक निघायचं. माझे यजमान गुरुनाथ त्याचे संपादक. ते दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा सिद्धांत आयर्लंडमध्ये ॲथलोनला टेलिकॉम कंपनीत इंजिनियर आहे. "आई, तिथे एकटी काय करतेस? तीन महिने तरी ये," असं तो सारखं म्हणायचा. म्हणून मी इथे एकटी राहायला आले.

सकाळी आठला तिघंही बाहेर पडत आणि संध्याकाळी साडेपाचला परतत. मधे मी आणि फ्रीजची घरघर. नात सानिका सात वर्षांची आहे, गोड आहे, पण मी मराठीत विचारते आणि ती इंग्रजीत उत्तर देते. "सानू, जेवलीस का?" "आय'म ग्रँड, आजी." ग्रँड म्हणजे इथे नुसतं ठीक. संपलं आमचं संभाषण. समोरच्या घरातली बाई खिडकीतून हात हलवायची. मीही हलवायचे. असा दोघींनी एकमेकींना दोन आठवडे हात हलवला, तिचं नाव मला अजून माहीत नाही. सरळ सांगते, मला फार एकटं वाटायचं. कराडातही मी एकटीच असते, पण तिथे निदान भांडायला दूधवाला आहे.

तिसऱ्या आठवड्यात पद्माकरभाऊजींचा मेसेज आला. हे माझे धाकटे दीर, बँकेतून रिटायर झालेले, आणि रिकामं बसवत नाही म्हणून सतत कशाच्या तरी मागे असलेले. "वहिनी, दादाच्या पानपूरकांचं पुस्तक करतोय. नाव 'पायथ्याशी', लेखक कै. गुरुनाथ पाटणकर. एकूण बासष्ट तुकडे. सिद्धांतनं प्रस्तावना लिहून दिलीय. प्रुफं तुमच्याइतकी चांगली कोण तपासणार? पुढच्या महिन्याच्या अखेरीस छापायला जाईल." खाली पीडीएफ.

पानपूरक म्हणजे काय ते सांगते, कारण आता कॉम्प्युटरवर कुणाला त्याची गरज पडत नाही. लेख संपतो आणि पानाच्या तळाशी आठ-दहा ओळींची जागा उरते. ती कोरी सोडली तर वाचकाला आपण कमी दिल्यासारखं दिसतं. म्हणून तिथे काहीतरी छोटंसं भरायचं. वर्गणीदारांना विनंती, एखादा सुविचार, नाहीतर घरगुती औषध. आमच्या मासिकात मात्र तिथे एक छोटा तुकडा असायचा. मांजरावर, ग्रहणावर, पाव्हण्यांवर. कराडातले लोक मासिक उलटं उघडून आधी तो वाचत.

ते बासष्टच्या बासष्ट तुकडे मी लिहिलेले आहेत.

लिहिलेले म्हणणंही चूकच. कागदावर ते कधी नव्हतेच. १९८३ सालची गोष्ट. अंक पोस्टात टाकायचा दिवस उद्यावर आला होता, शेवटच्या पानावर नऊ ओळींची जागा मोकळी होती आणि हे कागदवाल्याकडे गेले होते. सासऱ्यांनी मला खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला शिकवलं होतं. प्रत्येक अक्षराचं वेगळं घर असलेल्या केससमोर मी उभी होते, हातात ओळ जुळवायची स्टिक होती. मनात आलं ते एकेक अक्षर उचलून सरळ शिशात जुळवलं. आमच्या गल्लीत वीज गेली की कोण कुणाच्या ओट्यावर येऊन बसतं, एवढंच होतं त्यात. यांनी संध्याकाळी प्रूफ बघितलं. "कुणाचं हे?" म्हणाले. मी म्हटलं, "असंच. जागा होती." त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बिननावाचं बरं दिसत नाही. खाली माझं टाक." मी 'गुरुनाथ' जुळवलं. पुढे तेरा वर्षं जुळवत राहिले.

यांचं मन वाईट होतं असं मी म्हणणार नाही. मासिक त्यांचं, मग मासिकातलं सगळं त्यांचं, असा त्यांचा हिशेब सरळ होता. त्यांनी कधी "छान झालंय" म्हटलं नाही आणि कधी त्यातला एक शब्दही गाळला नाही. नाव पुरुषाचं, म्हणून 'मी गेलो, मी आलो' असं लिहायची मला सवय झाली. पुढे इतकी की एकदा बहिणीला पत्रात "मी परवा आलो" असं लिहून बसले. ती आठवडाभर हसत होती.

फोनवर प्रुफं तपासणं मला जमत नाही. प्रूफ हातात धरायला लागतं. म्हणून मी छत्री घेऊन गावातल्या ग्रंथालयात गेले, नदी ओलांडून वीस मिनिटं चालत. तिथल्या मुलीनं मला पानं छापून दिली आणि मी खिडकीजवळ पेन्सिल घेऊन बसले.

पहिलंच पान सिद्धांतच्या प्रस्तावनेचं होतं.

"बाबा माझ्याशी फारसं बोलले नाहीत," त्यानं लिहिलं होतं. "त्यांनी मला जवळ घेतल्याचं आठवत नाही. मी दहा वर्षांचा असताना मला साताऱ्याला होस्टेलवर ठेवलं, तेव्हा ते स्टँडवरही आले नव्हते. पण पुढच्या महिन्याच्या अंकात त्यांनी माझ्यावर अकरा ओळी लिहिल्या. ते कात्रण मी अजून पाकिटात ठेवतो. माझ्या वडिलांचं माझ्यावर प्रेम होतं याचा माझ्याकडे एवढाच पुरावा आहे."

मी पेन्सिल खाली ठेवली. एकेचाळिसाव्या पानावर त्या अकरा ओळी होत्या. मला त्या पाठ आहेत, तरी वाचल्या.

"परवा मुलगा परगावी शिकायला गेला. जाताना सायकलची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, हवा भरत जा. मी रोज हवा भरतो. चाकं घट्ट आहेत, सायकल कुठेच जात नाही. तरी दिवेलागणीला एकदा जाऊन हात लावून येतो. घरातली माणसं हसतात. हसू देत. हवा अशीच थोडीथोडी कमी होत राहो, म्हणजे मला त्याच्यासाठी रोज काहीतरी करता येईल."

हवा मी भरायचे. पदर खोचून, तो पंप पायाखाली दाबून. यांना ती सायकल अंगणात आहे हेही ठाऊक नसावं.

त्या दिवशी मी काही ठरवलं नाही. चुका काढत बसले. दुसऱ्या दिवशीही गेले आणि तिसऱ्या दिवशीही. घरात बसण्यापेक्षा ते बरं होतं. तिसऱ्या दिवशी एक उंच, लाल केसांची बाई माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि माझ्या खुणांकडे बघत म्हणाली, "माफ करा, तुम्ही मुद्रक आहात का?" इतक्या वर्षांत असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "जुळारी होते." मग हातानं खिळे उचलायची नक्कल करून दाखवली, कारण जुळाऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना.

तिचं नाव ग्रोन्या. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर गावच्या इतिहास मंडळाची खोली आहे, तिथलं काम ती बघते. तिनं मला वर नेलं, चहा दिला आणि नऊ जुनी पंचांगं दाखवली. आपल्यासारखी तिथी-नक्षत्रांची नव्हेत. तारखा, सूर्योदय, भरती-ओहोटी, पेरणीच्या वेळा आणि अधूनमधून वाचायला काहीतरी, अशी छोटी पुस्तकं. सव्वादोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत, बाल्टिमोर शहरात छापलेली. या भागातला थॉमस टायरेल नावाचा मुद्रक बायकोला घेऊन तिकडे गेला होता. चार वर्षांत तो वारला. पुढे त्याची बायको मार्गरेट हिनं छापखाना चालवला आणि दर वर्षी एक पंचांग इथे बहिणीला पाठवलं. छापलेलं मात्र सगळं 'थॉमस टायरेल यांच्या छापखान्यात' असंच.

"त्या काळी तिकडे बऱ्याच विधवांनी असे छापखाने चालवले," ग्रोन्या म्हणाली. "नावं नवऱ्यांचीच. पण आमच्या दृष्टीनं महत्त्वाचे आहेत ते हे." तिनं पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे सात-आठ ओळींचा एक तुकडा होता. खाली अक्षर 'टी'. "थॉमस लेखक होता. तो आपले कागद मागे ठेवून गेला आणि तिनं ते वर्षानुवर्षं वापरले. आम्ही त्याच्यावर प्रदर्शन करतोय. गावचा लेखक."

मी ते पानपूरक बघत होते. मला हसू आलं आणि ते दाबायला मी चहाचा कप तोंडाला लावला.

ग्रोन्याला मदतनीस हवा होता. पानांचे फोटो काढायचे, कुठे काय आहे त्याची नोंद करायची. मी आठवड्यातले चार दिवस जाऊ लागले. आमचं बोलणं फार होत नसे. माझं इंग्रजी मोडकं आणि तिचं इतकं भरभर की अर्धं माझ्या डोक्यावरून जायचं. पण दोन बायका एका टेबलाशी कामाला बसल्या आहेत, एवढंही मला पुष्कळ होतं. साडेचारला ती दिवा बंद करायची तेव्हा मला घरी जावंसं वाटायचं नाही.

जुळाऱ्याला शब्द दिसत नाहीत, अक्षरं दिसतात. तिसऱ्या पंचांगाचे फोटो काढताना मला दिसलं की शेवटच्या पानांवर डब्ल्यू हे अक्षर नाहीच. त्याच्या जागी दोन व्ही शेजारी शेजारी बसवलेत. मी ग्रोन्याला दाखवलं. ती म्हणाली, "हो, अक्षरं संपली की असं करत." ते मला कुणी सांगायला नको होतं. छोट्या छापखान्यात प्रत्येक अक्षराचे खिळे मोजकेच असतात. सगळी पानं जुळवून होईपर्यंत एखादं घर रिकामं होतं. मग शेवटच्या पानांवर काहीतरी जुगाड.

पण त्याच शेवटच्या पानांच्या तळाशी 'टी'चे तुकडे होते आणि त्यांत दोन व्ही नव्हते. डब्ल्यूही नव्हता. मी एक तुकडा अक्षर अक्षर बघितला, मग दुसरा, मग तिसरा. वरच्या लेखात दर ओळीला ते जोडव्ही, आणि खाली त्या अक्षराची गरजच पडलेली नाही.

"ग्रोन्या," मी म्हटलं, "हे थॉमसनं लिहिलेलं नाही. हे कुणी लिहिलेलंच नाही. हे उभ्या उभ्या जुळवलंय."

तिला समजेना. मी तिला कागद दिला. "समजा, तू मला लिहून दिलंस. त्यात डब्ल्यू आहे. माझ्याकडे खिळा नाही. मी काय करणार? दोन व्ही. तुझा शब्द मला बदलता येत नाही. पण मीच मनातून जुळवतेय आणि समोरचं घर रिकामं आहे, तर मी तो शब्दच घेणार नाही. दुसरा घेईन. हे लिहिणारीला माहीत होतं की घरात काय उरलंय. ती केससमोर उभी होती. मेलेला माणूस उभा राहत नाही."

ग्रोन्यानं बोट फिरवत तो तुकडा पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाली, "डब्ल्यूशिवाय तिला 'वुमन' लिहिता येत नव्हतं. 'वाइफ' नाही. 'विडो' नाही."

"लिहायला जागा तरी कुठे होती," मी म्हटलं.

तिनं दोन आठवडे घालून नऊही पंचांगं तपासली. दर वर्षी तेच. शेवटच्या पानांवरच्या एकाही तुकड्यात ते अक्षर नव्हतं. तिनं डब्लिनच्या एका प्राध्यापकांना कळवलं, त्यांचाही होकार आला. प्रदर्शनाच्या पाटीवरचं नाव बदललं. 'मार्गरेट टायरेल, लेखिका व मुद्रक.' ग्रोन्यानं मला मिठी मारली, मी अवघडून उभी राहिले, आणि मग तिनं विचारलं, "पण तुम्हाला कसं कळलं?"

मी खरं सांगितलं. आमचा टाइप हिंदी छपाईसाठी ओतणाऱ्या फाउंड्रीतून आलेला. हिंदीला ळ लागत नाही, म्हणून त्यांनी चिमूटभर दिलेला. अंकाच्या शेवटच्या पानांपर्यंत ळचं घर रिकामं व्हायचं. दुसऱ्यांच्या लेखांत मी ळच्या जागी उलटा खिळा घालून ठेवायचे, आधीची पानं छापून सुटली की त्यातले ळ काढून तिथे बसवायचे. माझ्या पानपूरकांत ती कटकट नको म्हणून मी ळ असलेला शब्दच टाळायचे. डोळे नाहीत, आभाळ नाही, वेळ नाही, बाळ नाही. तेरा वर्षं मी त्यांच्यावाचून लिहिलं.

"मग तुमचं पुस्तक कुठे मिळेल?" ग्रोन्यानं विचारलं.

"येतंय. नवऱ्याच्या नावानं."

"का?"

तिनं ते इतक्या साधेपणानं विचारलं की मी छत्री उचलून निघालेच. नदीवरून परत येताना पाऊस होता. पुलावर मी थांबले आणि चक्क रडले. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या परक्या बाईसाठी मी भांडले होते आणि स्वतःसाठी मूग गिळून बसले होते. मला माझं नाव हवं होतं. इतकं हवं होतं की मला त्याची लाज वाटली.

घरी येऊन मी पद्माकरभाऊजींना फोन लावला. सगळं सांगितलं. ते आधी हसले. "वहिनी, जुळवायच्या तुम्ही, लिहायचा दादा. दादा हुशार माणूस होता हो."

"होते ना. मग त्या बासष्ट तुकड्यांत ळ शोधून दाखवा."

"म्हणजे?"

"तुम्ही बँकेतले. तपासा. मग फोन करा."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज उतरला होता. "नाही हो सापडत. आणि दादाच्या संपादकीयांत दर ओळीला आहे." मग घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, माझी चूक झाली. नाव बदलतो. पण प्रस्तावना सिद्धांतची आहे, त्याच्याशी तुम्ही बोला. मी त्याला हे सांगू शकणार नाही. सोमवारी छापायला जायचंय."

खरी अडचण हीच होती. भाऊजींचं काय, बँकेतला माणूस, पुरावा दिला की मानतो. सिद्धांतचा पुरावा त्याच्या पाकिटात होता आणि तो खोटा आहे हे त्याला सांगायला मी निघाले होते. दोन दिवस मी मनाशी वाक्यं जुळवत होते. बासष्टमधून एक वगळायचं, हे माझ्या मनाला पटत नव्हतं. सगळ्यांत चांगलं तेच तर होतं. खरं ते खरं. मुलगा बेचाळीस वर्षांचा आहे, समजून घेईल.

शनिवारी सकाळी वैदेही सानिकाला पोहायच्या क्लासला घेऊन गेली. सिद्धांत डिशवॉशरमधली भांडी काढत होता.

"सिद्धांत, बस जरा."

"बोल ना, ऐकतोय मी."

"बस म्हटलं ना."

तो बसला. मी सांगितलं. वीज गेल्याच्या त्या पहिल्या तुकड्यापासून ळपर्यंत सगळं. छापलेली पानं त्याच्यासमोर ठेवली. तो आधी म्हणाला, "आई, यू आर जोकिंग." मग पानं वाचू लागला. बोट ओळींवरून फिरत होतं. दहा पानं झाली, वीस झाली. त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "हे तू लिहिलंस? ग्रहणाचं तू लिहिलंस? आणि ते मांजराचं? अगं, मी शाळेत पाठ म्हणून दाखवायचो हे!" तो माझ्याकडे असं बघत होता जसं त्यानं पूर्वी कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, झालं. इतकं सोपं होतं.

मग त्याचं बोट थांबलं. त्यानं खिशातून पाकीट काढलं, त्यातून चार घड्यांचा पिवळा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. माझ्याकडे सरकवला नाही. त्यावर हात तसाच ठेवला.

"हेपण?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं.

"कारण मग," तो म्हणाला, "मग बाबा माझ्याबद्दल कधीच काही..." केस विरळ झालेला, गाडीचे आणि घराचे हप्ते फेडणारा माझा मुलगा, आणि तोंड अगदी तसंच, साताऱ्याच्या गाडीच्या खिडकीतलं. तेव्हाही तो रस्त्याच्या टोकाकडे बघत होता, बाबा येतायत का म्हणून.

"हे नाही," मी म्हटलं.

"नाही?"

"हे त्यांचं. हे एकच त्यांनी सांगितलं आणि मी जुळवलं. तू गेलास त्याच आठवड्यात. माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, घे, मी सांगतो तसं जुळव."

"पण ळ? यातपण ळ नाहीये आई. मी आत्ताच बघितलं."

इंजिनियरच तो. पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हे.

"त्यांनी 'संध्याकाळी' म्हटलं होतं. मी म्हटलं, ळ संपलाय. ते जरा थांबले, आणि मग म्हणाले, 'दिवेलागणीला' कर."

मला ते दिसलंसुद्धा. यांचा चष्मा कपाळावर, हात मागे बांधलेले, शब्द शोधतायत. असं कधीच झालं नव्हतं, पण मी इतकं नीट सांगितलं की क्षणभर माझाच विश्वास बसला.

"आणि हवा? बाबाच भरायचे ना?"

"तेच भरायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत."

सिद्धांतनं डोळे पुसले आणि हसला. मोठ्यानं हसला. "मला माहीतच होतं. आई, बाकीचे सगळे सुपर आहेत, आय मीन इट. पण हे वेगळं आहे ना? वाचताना कळतं की हे दुसऱ्या माणसाचं आहे."

"कळतं खरं," मी म्हटलं.

त्यानं तिथूनच काकांना फोन लावला, स्पीकरवर. "काका, नाव बदला. लेखिका निशिगंधा पाटणकर, मोठ्या अक्षरात. मी प्रस्तावना आज परत लिहून देतो. फक्त पान एकेचाळीसखाली बाबांचं नाव ठेवा. ते एक त्यांचं आहे. आई सांगतेय." भाऊजींनी त्या पानावरचीही अक्षरं मोजली होती. "वहिनी?" ते म्हणाले. "तो म्हणतोय तसंच करा," मी म्हटलं. "बरं," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

सिद्धांतनं कागदाची घडी घातली आणि पाकिटात जपून ठेवली. मग उठून चहा टाकला, आलं किसून, मला आवडतो तसा. कितीतरी दिवसांनी तो माझ्यासमोर नुसता बसला होता, फोन हातात न घेता. मला नाव मिळालं होतं. मुलगा समोर होता. मला बरं वाटायला हवं होतं.

"आई, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"तेरा वर्षं लिहिलंस तू. मांजरावर लिहिलंस, ग्रहणावर, शेजारच्या काकूंच्या शिलाई मशीनवर. बाबांनी एकच लिहिलं, ते माझ्यावर." तो हसत होता, पण उत्तराची वाट बघत होता. "तू माझ्यावर एकही कसं नाही लिहिलंस?"

"राहून गेलं रे," मी म्हटलं.